कडी आतली, कडी बाहेरची : भयकथा, मराठी संहिता आणि दाराचा हक्क

१

भयकथा आणि रहस्यकथा यांना मराठी समीक्षेने रंजनपर वाङ्मयाच्या कप्प्यात टाकून दिले, त्याला आता दीर्घ काळ लोटला आहे. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि असंख्य घरांत वाचनाची सवय रुजवली. परंतु वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद बहुधा या संख्येपुरतीच होते. जे वाचकाला घाबरवते त्यात विचार करण्याजोगे काही नसते, असे एक गृहीतक या उपेक्षेमागे आहे. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक झाले आहे. त्याला निमित्त एका परकीय चित्रपटाचे असले, तरी त्यातून उभा राहणारा प्रश्न सर्वस्वी येथला आहे.

ली क्वॉन दिग्दर्शित 'डोअर लॉक' हा कोरियन चित्रपट डिसेंबर २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. बँकेत कंत्राटी नोकरी करणारी क्यंग-मिन (अभिनेत्री गाँग ह्यो-जिन) ही तरुणी एका मोठ्या इमारतीत, एका खोलीच्या घरात एकटी राहते. तिच्या दाराला किल्लीचे कुलूप नाही. आकडे दाबून उघडावयाची कळपट्टी आहे. एके दिवशी त्या कळपट्टीचे झाकण तिला उघडे दिसते. ती सांकेतिक क्रमांक बदलते. रात्री कोणीतरी बाहेरून आकडे दाबून पाहते, मूठ हलवून पाहते. घरात पुरुष राहतो असे भासावे म्हणून ती पुरुषाचे बूट दाराशी ठेवते. पोलिसांकडे जाते, तेव्हा तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्याऐवजी तिच्याकडेच संशयाने पाहिले जाते. शेवटी उलगडते ते असे, की ज्याला ती दाराबाहेर रोखू पाहत होती तो केव्हाच आत आलेला होता. तो कोणी अनोळखी चोर नव्हता. इमारतीच्या राखणीसाठी नेमलेलाच माणूस तिच्या घरात शिरत होता, तिच्या पलंगाखाली दडून राहत होता.

कोरियन चित्रपट व मालिका आता यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रससारख्या तालुक्याच्या गावीही मोबाइलच्या पडद्यावर, हिंदी आवाजात, पाहिल्या जातात. दिग्रस हे कापसाच्या मुलखातले बाजाराचे गाव. भोवतालच्या खेड्यांतील आणि बंजारा तांड्यांतील मुली शिक्षणासाठी येथे येतात. काही रोज एसटीने ये-जा करतात, काही गावातच भाड्याने खोली घेतात. अशा मुलीच्या दृष्टीने सोलमधील त्या खोलीची कथा परकी उरत नाही. कळपट्टीच्या जागी पत्र्याचे दार आणि कडी-कोयंडा असतो, एवढाच फरक. म्हणूनच या कथेचे वाचन कसे करावे, हा प्रश्न केवळ चित्रपटसमीक्षेपुरता मर्यादित राहत नाही. तिचे कोणते वाचन गावात रूढ होते, यावर मुलीची ती खोली टिकणार की सुटणार, हे अनेकदा अवलंबून असते.

२

या चित्रपटाचे महत्त्व त्याच्या कथानकात शोधण्यापेक्षा त्याच्या निवेदनदृष्टीत शोधणे अधिक युक्त ठरेल. 'डोअर लॉक' ही मुळात स्वतंत्र कथा नाही. जाउमे बालागेरो यांच्या २०११ च्या स्पॅनिश चित्रपटावर ती बेतलेली आहे. त्या मूळ चित्रपटात बार्सिलोनातील एका इमारतीचा द्वारपाल सेसार हा केंद्रस्थानी आहे. प्रेक्षक त्याच्याबरोबर क्लाराच्या घरात शिरतो, त्याच्याबरोबर पलंगाखाली दडतो, आणि तो पकडला जाईल की काय या भीतीने श्वास रोखून धरतो. येथे एक विलक्षण नैतिक पेच निर्माण होतो : भय प्रेक्षकाचे असते, पण ते अपराध्याच्या वतीने वाटलेले असते. कोरियन रूपांतराने घटना बव्हंशी कायम ठेवून दृष्टी बदलली. कथा पलंगाखालून उचलून पलंगावर आणली. जी स्पॅनिश चित्रपटात पाहिली जाणारी वस्तू होती, ती येथे पाहणारी व्यक्ती झाली.

कथनमीमांसेच्या दृष्टीने हा बदल मूलगामी आहे. घटनाक्रम तोच, स्थळ तेच, अपराध तोच. केवळ 'कोणाच्या डोळ्यांनी' या प्रश्नाचे उत्तर बदलताच संहितेचा अर्थ पालटतो. आशय आणि अभिव्यक्ती यांचे अद्वैत पदव्युत्तर वर्गात शिकविताना यापेक्षा स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

याच संदर्भात राम गोपाल वर्मा यांचा १९९९ मधील 'कौन' हा हिंदी चित्रपट आठवतो. अनुराग कश्यप यांनी लिहिलेल्या या चित्रपटातही पावसाळी संध्याकाळ आहे, मोठ्या घरात एकटी स्त्री (ऊर्मिला मातोंडकर) आहे, खुनी मोकाट असल्याची बातमी आहे, आणि दारावर एक अनोळखी पुरुष आहे. प्रेक्षक तिच्या भीतीत पूर्णतः सहभागी होतो. शेवटी मात्र कळते की खुनी तीच आहे. तंत्राच्या दृष्टीने ही कलाटणी चतुर आहे, यात शंका नाही. परंतु तिचा फलितार्थ असा, की दाराआडच्या स्त्रीच्या भीतीवर ज्याने विश्वास ठेवला तो फसला. 'डोअर लॉक'चा फलितार्थ नेमका याच्या उलट आहे : त्या भीतीवर ज्याने विश्वास ठेवला नाही तो चुकला. दोन्ही चित्रपट भयपटच आहेत, दोन्हींची साधनसामग्री एक आहे. तरीही स्त्रीची साक्ष ग्राह्य की अग्राह्य, या प्रश्नावर ते परस्परविरुद्ध टोकांना उभे आहेत. भयकथेत विचार नसतो असे म्हणणाऱ्याने या दोहोंमधील अंतर एकदा मोजून पाहावे.

३

आता मराठी परंपरेकडे वळू. मराठी माणसाने ऐकलेली पहिली कथा कोणती, असा प्रश्न केला तर बहुतेकांचे उत्तर चिमणी-कावळ्याची गोष्ट हेच येईल. ती बालकथा म्हणून इतकी अंगवळणी पडली आहे, की ती मुळात दारावरच्या धोक्याची कथा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते. तो चिमणीच्या मेणाच्या घराशी येतो आणि दार उघडण्याची विनवणी करू लागतो. चिमणी नकार देत नाही. ती वेळ काढते. बाळाला न्हाऊ घालावयाचे आहे, मग तीट लावावयाची आहे, मग पाळण्यात निजवावयाचे आहे. दर वेळी तीच हाक, दर वेळी नवे काम. पुनरावृत्तीतून ताण वाढविण्याचे जे तंत्र आधुनिक भयपटाचे म्हणून ओळखले जाते, ते या लोककथेत पूर्णत्वाने आढळते.

त्याहून लक्षणीय आहे ते चिमणीच्या बचावाचे स्वरूप. तिच्यापाशी शस्त्र नाही, मोठ्याने नाही म्हणण्याचे बळही नाही. आहे ते घरकाम. ज्या कामांनी तिला घराशी बांधले आहे, त्याच कामांची ती ढाल करते. प्रबळाला थेट नकार देणे परवडत नाही, तेव्हा दुर्बळ सबबींच्या आडोशाने नकार देतो, ही समाजशास्त्रीय जाण या कथेत मुरलेली आहे. सांगणाऱ्यागणिक कथेचा शेवट बदलतो. कुठे आत आलेला कावळा रात्रभर साठवणीचे दाणे खातो आणि विचारले तर सुपारी खातो आहे असे सांगतो; कुठे तो पिलांनाच खातो; कुठे ऊब घ्यायला बसून तापल्या तव्यावर भाजतो. या तिन्ही शेवटांत दार उघडले जाणे हाच कळसबिंदू आहे. फरक पडतो तो उघडल्यानंतर किंमत कोणी मोजली, याबाबत.

याच चिमणीला मंगेश पाडगावकरांनी एका लोकप्रिय कवितेत पुन्हा साद घातली. तेथे बंद दार हे जगाविषयीच्या अविश्वासाचे, स्वतःला कोंडून घेणाऱ्या मनाचे प्रतीक झाले आहे, आणि दार उघडणे म्हणजे जीवनाला सामोरे जाणे. कवितेचा मानवतावादी हेतू निर्मळ आहे आणि तिची लोकप्रियता अकारण नाही. तथापि एक गोष्ट नोंदविली पाहिजे. लोककथेत जी हाक कावळ्याची होती, ती येथे कवीची झाली; आणि ती कवीची होताच दार न उघडणाऱ्या चिमणीवरच दोष आला. घराचे दार आणि मनाचे दार यांचे समीकरण मांडणे पुरुष-वाचकाला सोपे जाते, कारण त्याला दाराचा अनुभव बहुशः प्रतीक म्हणूनच येतो. रात्री आठ वाजता खोलीत एकट्या बसलेल्या मुलीला तो वस्तू म्हणून येतो : फळी, बिजागरी, कडी. तिने दार न उघडणे हा मनाचा कोतेपणा ठरत नाही. ते तिचे शहाणपण असते. एकाच प्रतिमेचे हे दोन अर्थ शेजारी ठेवून वाचणे, हे स्त्रीवादी समीक्षेचे प्राथमिक कार्य आहे.

४

मराठी घराच्या दाराला बंद करण्याची दोन साधने असत, ही साधी वस्तुस्थिती येथे उपयोगी पडते. आतून अडसर किंवा कडी. बाहेरून कडी-कोयंडा आणि कुलूप. आतली कडी आतल्या माणसाच्या हाती असते आणि बाहेरच्याला रोखते. बाहेरची कडी बाहेरच्याच्या हाती असते आणि आतल्याला कोंडते. पाश्चात्त्य वा कोरियन भयपट बहुतांशी आतल्या कडीची कथा सांगतो. घर स्त्रीचे आहे, ते सुरक्षित असावयास हवे, आणि ती कडी कोणीतरी बाहेरून निकामी करतो. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये 'अ रूम ऑफ वन्स ओन' या पुस्तकात लेखन करू इच्छिणाऱ्या स्त्रीसाठी स्वतःच्या उत्पन्नाबरोबर स्वतःची खोली मागितली, तेव्हा त्या खोलीला कुलूप असणे त्यांना महत्त्वाचे वाटले होते. तेही आतल्या कडीचेच स्वप्न होते.

मराठी संहिता मात्र फार मोठ्या प्रमाणात बाहेरच्या कडीच्या संहिता आहेत. १९६७ हे वर्ष या दृष्टीने तुलनेस सोयीचे आहे. त्या वर्षी 'वेट अंटिल डार्क' हा अमेरिकन चित्रपट आला. फ्रेडरिक नॉट यांच्या नाटकावर आधारित या चित्रपटात अंध स्त्रीच्या घरात गुन्हेगार शिरतात, आणि ती घरातले दिवे फोडून अंधार करते, जेणेकरून त्यांना तिच्याएवढेच अंध व्हावे लागेल. घर तिला पाठ आहे. घरच तिचे शस्त्र होते. त्याच वर्षी २० डिसेंबरला विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे होत्या.

या नाटकाच्या आरंभीच दाराची कडी येते. बेणारेबाईंच्या बोटाला त्या कडीने दुखापत होते. दार नीट लावले नाही तर आतला माणूस आतच अडकतो, हे सामंतच्या बोलण्यातून प्रेक्षकाला कळते. प्रथमदर्शनी हा तपशील वास्तवाचा आभास निर्माण करण्यासाठी योजलेला वाटतो. पुढे अभिरूप न्यायालयाचा खेळ बाईंच्या खासगी आयुष्यावर उलटतो आणि त्या दाराकडे धावतात, तेव्हा ते दार उघडत नाही. त्या आत, आणि आत सारे ओळखीचे : सहकारी, वडीलधारे, हसतखेळत बरोबर आलेली माणसे. एकही परका नाही. भयनाट्याची सर्व लक्षणे येथे आहेत. बंद जागा आहे, एकटी स्त्री आहे, हळूहळू आवळत जाणारा फास आहे. पण या संहितेवर गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ झालेल्या विपुल लेखनात तिच्या भयनाट्य-रूपबंधाची चर्चा अभावानेच आढळते, कारण तो रूपबंध प्रतिष्ठित संहितेत असू शकतो, हेच समीक्षेला मान्य नव्हते. बाईंचे दीर्घ स्वगत चालू असताना रंगमंचावरील इतर सारे थिजलेले असतात. म्हणजे ते स्वगत त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. क्यंग-मिनची फिर्याद जशी ऐकली जात नाही तशीच ही. दोन संहितांमध्ये अर्ध्या शतकाचे आणि दोन भाषांचे अंतर आहे. न ऐकले जाण्याचा अनुभव मात्र एक आहे.

'सखाराम बाइंडर' (१९७२) मध्ये दाराचा मालक निःसंदिग्धपणे पुरुष आहे. नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांना सखाराम घरात आणतो आणि पहिल्याच दिवशी अटी सांगतो. बाहेर जाण्याची मुभा त्या अटींत आहे. परंतु बाहेर दुसरे दार नसलेल्या स्त्रीला ती मुभा काय कामाची? लक्ष्मी जाते आणि परत येते ती त्यामुळेच. चंपा राहते आणि मरते तीही त्यामुळेच. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९८२ मध्ये 'उंबरठा' काढला. त्यातील महिलाश्रमाचे फाटक बंद असते ते आतल्या स्त्रियांच्या 'संरक्षणासाठी'. बाहेरच्या कडीला आपल्या समाजाने दिलेले हे सर्वांत सभ्य नाव. या सर्व संहितांचा निष्कर्ष एकच : मराठी साहित्याने परक्या माणसाच्या घुसखोरीचे भय तुलनेने कमी रंगविले, कारण त्याच्या नायिकांच्या हाती आतली कडी फारशी कधी आलीच नव्हती. जिचे घरच नाही तिच्या घरात कोणी शिरणार कसा?

५

येथवरची चर्चा संहितांची झाली. ती दिग्रसच्या त्या खोलीपाशी पुन्हा आणली पाहिजे, कारण तिचे खरे मोल तेथे ठरते.

तांड्यावरून वा खेड्यावरून आलेली मुलगी तालुक्याच्या गावी खोली घेते, तेव्हा तिच्या घराण्यात बहुधा प्रथमच एखाद्या स्त्रीच्या हाती आतली कडी येते. शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, त्यामुळे बारावीपर्यंतचा प्रवास पुष्कळ मुली करू शकतात. त्यापुढे प्रयोगशाळेचे तास, शिकवण्या, परीक्षेचा अभ्यास आणि शेवटची गाडी यांचा मेळ बसेनासा होतो आणि खोलीचा प्रश्न उभा राहतो. हा निर्णय आईबाप सहजासहजी घेत नाहीत. कापसाच्या एका हंगामाचे उत्पन्न डोळ्यांपुढे ठेवून तो घेतला जातो. आणि तो मोडावयास एक कथा पुरते. कोणा मुलीच्या मागे कोणी लागल्याची, कोणाच्या दारावर रात्री थाप पडल्याची वार्ता गावी पोचते. तिला वर्तमानपत्राची, वाहिनीची, मोबाइलवरील चित्रपटाची जोड मिळते. आणि चार घरांतील मुली परत बोलावल्या जातात. भयकथा येथे अक्षरशः परिणाम घडविते. घरात शिरणारा पुरुष दंडित होवो वा न होवो, खोली सोडावी लागते ती मुलीला.

याचा एक अदृश्य परिणाम अधिक गंभीर आहे. मुलगी हे सारे जाणून असते. दारावर थाप पडली हे घरी सांगितले तर शिक्षण थांबेल, वाढत्या वयाचे कारण पुढे करून लग्न ठरेल, हे तिला ठाऊक असते. म्हणून ती सांगत नाही. तक्रार करणे हाच शिक्षणाचे दार बंद करण्याचा मार्ग ठरत असेल, तर मौन हीच तिची कडी होते. 'डोअर लॉक'मधील नायिका निदान पोलीस ठाण्यापर्यंत जाते. तेथे तिला अविश्वास भेटतो. दिग्रसच्या खोलीतील मुलीला अविश्वासाची भीती नसते. तिला भीती असते ती विश्वास ठेवला जाण्याची, कारण विश्वास ठेवणारे तिला परत नेतील. भयकथेच्या जागतिक साच्यात न बसणारा, आपल्या मातीतला हा पेच आहे. त्याची कथा मराठीत अद्याप पुरेशा ताकदीने लिहिली गेलेली नाही.

शिवाय ज्या घरी तिला सुरक्षिततेसाठी परत नेले जाते, ते घर सुरक्षित असल्याचे गृहीत धरले जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे एक गोष्ट सांगत आहेत : बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. कथा अनोळखी चेहऱ्याची सांगितली जाते, नोंदी ओळखीच्या चेहऱ्याच्या असतात. 'डोअर लॉक'चा शेवट, म्हणजे राखणदारच अपराधी निघणे, हा केवळ कथानकाचा धक्का मानला जातो. प्रत्यक्षात तो वास्तवाच्या सर्वांत जवळ जाणारा भाग आहे.

वऱ्हाडाला हे सत्य नवे नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली ती सुरतेच्या एका विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने. स्त्रीला मोहात पाडणारा पुरुष नामानिराळा राहतो आणि दोष तिच्या एकटीच्या माथी येतो, हा त्यांच्या संतापाचा गाभा होता. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी याच मुलखात शेतकरी आत्महत्यांनी हजारो स्त्रियांना एकटे केले. यवतमाळ जिल्ह्याचे नाव या संदर्भात देशभर घेतले गेले. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला झालेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांनी केले, ही घटना प्रतीकात्मक म्हणून गौरविली गेली. तिचा अर्थ प्रतीकापलीकडे जाऊन लावला पाहिजे. मागे राहिलेल्या अशा स्त्रीच्या दाराशी येणारे कोण असतात? वसुलीसाठी येणारा, शेताच्या वाटणीसाठी येणारा, मदतीच्या मिषाने येणारा. सारे नावानिशी ओळखीचे. या स्त्रीच्या घराची भयकथा कोणताही आयता साचा वापरून लिहिता येणार नाही.

६

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की अनोळखी पुरुषाचे भय काल्पनिक ठरवून मुलींना निष्काळजी करण्याचा हा प्रकार आहे. तो रास्त नाही. ते भय खरे आहे. मे २०१९ मध्ये सोलच्या सिल्लिम-दाँग भागात एक पुरुष एका तरुणीच्या मागोमाग तिच्या दारापर्यंत गेला आणि दार बंद होण्याच्या क्षणी त्याने आत शिरण्याचा प्रयत्न केला. त्याचे चित्रण सर्वत्र पाहिले गेले, तेव्हा पाच-सहा महिन्यांपूर्वी आलेला हा चित्रपट अतिरंजित नव्हता, हे कोरियन समाजाला उमगले. पाठलागाविरुद्धचा स्वतंत्र कायदा तेथे ऑक्टोबर २०२१ मध्ये अमलात आला. तोवर तो किरकोळ अपराध मानला जात असे. भारतात पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा २०१३ च्या दुरुस्तीने दंडसंहितेत आला आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. प्रश्न भय खरे की खोटे हा नाही. त्या भयाचे उत्तर म्हणून कोणती कडी पुढे केली जाते, हा प्रश्न आहे. खोलीला भक्कम दार, गल्लीत दिवा, वसतिगृहात पुरेशा जागा, तक्रार ऐकून घेणारी व्यक्ती, हे आतल्या कडीचे उत्तर झाले. मुलीला परत नेणे हे बाहेरच्या कडीचे. समाज दुसरे उत्तर निवडतो, कारण ते स्वस्त पडते.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे. साहित्यकृतीला सामाजिक उपयुक्ततेच्या मापाने मोजले तर तिच्या स्वायत्ततेचे काय, असा तो आहे. त्याचे उत्तर वरील विवेचनातच आले आहे. 'डोअर लॉक' आणि त्याचा स्पॅनिश पूर्वज यांतील भेद निवेदनदृष्टीचा आहे, चिमणीची कथा आणि पाडगावकरांची कविता यांतील भेद हाक कोणाची याचा आहे, 'शांतता!'मधील कडी हा नाट्यरचनेचा घटक आहे. हे सारे रूपाचे प्रश्न आहेत, आणि रूपाच्या काटेकोर अभ्यासातूनच दाराच्या हक्काचा प्रश्न दिसू लागतो. रूपाकडे दुर्लक्ष करणाराच या कथेतून 'मुलींना एकटे ठेवू नये' एवढे तात्पर्य काढतो. अशी तात्पर्ये काढणारे वाचन हे निकृष्ट वाचन आहे, आणि त्याची किंमत प्रत्यक्ष माणसे मोजतात.

कायद्याने काही दारे उघडली आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा दिला. केंद्रीय कायद्यात ती तरतूद २००५ मध्ये आली. त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने, घर कोणाच्याही नावावर असो, स्त्रीला त्या सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. कायद्याने घराचा हक्क मान्य केला. कथेने तो अद्याप मान्य केलेला नाही. बहुतांश मराठी कथनांत एकट्या स्त्रीचे घर हे अजूनही संकटाचे वा शोकाचे स्थळ म्हणूनच येते, तिच्या मालकीची जागा म्हणून क्वचित.

महाविद्यालयीन अध्यापनाला येथे निश्चित काम आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात लोकप्रिय वाङ्मयाचा उल्लेख असतो, पण संहिता म्हणून रहस्यकथा वा भयकथा क्वचितच वाचली जाते. 'शांतता!' आणि 'डोअर लॉक' एकाच तासिकेत शेजारी ठेवले तर निवेदनदृष्टी, अवकाश आणि साक्ष या तिन्ही संकल्पना विद्यार्थ्यांना पाठांतराविना कळतील. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीची रूपे वऱ्हाडीत आणि गोरमाटीत कशी सांगितली जातात, तिचे शेवट कसे बदलतात, यांचे संकलन दिग्रस-पुसद परिसरातील विद्यार्थिनी सहज करू शकतील. असा लघुप्रबंध कोणत्याही सैद्धांतिक उसनवारीपेक्षा अधिक मोलाचा ठरेल.

आणि त्या वर्गात, मागच्या बाकावर, दारावरची थाप कोणाला न सांगितलेली एखादी मुलगी बसलेली असेल, हे अध्यापकाने गृहीत धरावे. तिला धीर देणारे व्याख्यान नको असते. भयकथेतील स्त्री खरे बोलत होती, आणि तरीही घर सोडून जाण्याची पाळी तिच्यावर येऊ नये, एवढे वाक्य संहितेच्या आधाराने वर्गात उच्चारले गेले तरी पुष्कळ झाले. ते ऐकल्यानंतर ती कदाचित बोलेल. बोलली, तर तिचे ऐकून घेणाऱ्याने प्रथम तिच्या खोलीच्या कडीची चौकशी करावी. तिच्या गावाकडे जाणाऱ्या गाडीची नव्हे.